चिप तर आली, पण तिचा कंपायलर कुठाय? पोर्टिंग म्हणजे काय ते सोप्या भाषेत

मार्च २०२५ मध्ये इस्रोने दोन प्रोसेसर समोर आणले, विक्रम ३२०१ आणि कल्पना ३२०१. दोन्ही ३२ बिटचे, तिरुवनंतपुरमचं विक्रम साराभाई स्पेस सेंटर आणि चंदीगडची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी यांनी मिळून केलेले. फोटो सगळीकडे फिरले आणि ते फिरायलाच हवे होते, काम खरंच मोठं आहे. पण त्या निवेदनातली एक माहिती मी दोनतीनदा वाचली. विक्रमसाठी एडा भाषेचा कंपायलर, असेंब्लर, लिंकर, सिम्युलेटर हे सगळं इस्रोने स्वतः घरात बनवलंय आणि सी भाषेच्या कंपायलरचं काम तेव्हा चालू होतं. कल्पनाबद्दल मात्र लिहिलं होतं की तो स्पार्क व्ही-८ या जुन्या, जगाला माहीत असलेल्या आर्किटेक्चरवर बांधलाय, त्यामुळे ओपन सोर्स टूल्स त्याला चालतात.

एकाच संस्थेचे दोन प्रोसेसर, एकाच वेळी आलेले. एकासाठी कंपायलर स्वतः लिहायला लागला, दुसऱ्याला तो जवळजवळ आयता मिळाला. फॅब, नॅनोमीटर, वेफर हे शब्द आता घरोघरी पोचलेत, पण चिप हातात आल्यावर तिच्यासाठी कंपायलर उभा करायला काय काय लागतं हे फारसं कुणी सांगत नाही, आणि मी काही वर्षं याच कामात असल्यामुळे मला ते मनापासून सांगावंसं वाटतं.

तर पहिल्यापासून. प्रोसेसरला सी कळत नाही, रस्ट कळत नाही, काहीच कळत नाही. त्याला कळते फक्त त्याची स्वतःची ठरलेली इन्स्ट्रक्शनची यादी, म्हणजे हा आकडा या रजिस्टरमध्ये टाक, हे दोन आकडे मिळव, मेमरीतून अमुक ठिकाणचं उचलून आण, हे त्याच्यापेक्षा लहान असेल तर तिकडे उडी मार, बस, एवढंच. रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आत हाताशी असलेले मोजके खण. आणि ही यादी प्रत्येक आर्किटेक्चरची वेगळी असते, बऱ्याच लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीची एक्स८६ असते, जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आर्म असते, आणि एकाची इन्स्ट्रक्शन दुसऱ्याला दिली तर ती निव्वळ कचरा ठरते. आपण लिहिलेला प्रोग्राम या यादीत उतरवून देणारा तो कंपायलर. आणि एका यादीसाठी लिहिलेल्या कंपायलरला दुसरी यादी शिकवणं म्हणजे पोर्टिंग.

आता तुम्ही म्हणाल मग प्रत्येक भाषेसाठी आणि प्रत्येक मशीनसाठी वेगळा कंपायलर लिहायचा का. सुरुवातीला बरंचसं तसंच चालायचं. दहा भाषा आणि सहा मशीन असतील तर साठ कंपायलर, कोण लिहिणार एवढे. १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी चा कंपायलर मुद्दाम असा लिहिला की मशीनला चिकटलेला भाग बाजूला काढता येईल, आणि त्याच सुमारास युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम पहिल्यांदा पीडीपी-११ सोडून इंटरडेटा नावाच्या वेगळ्या मशीनवर नेण्यात आली. तिथून पुढे ही पद्धत रुळली की कंपायलरचे तीन तुकडे करायचे. पुढचा तुकडा भाषा वाचतो, मधला तुकडा सगळ्यांना समान असलेल्या एका मधल्या भाषेत काम करतो आणि कोड सुधारतो, आणि शेवटचा तुकडा, ज्याला बॅकएंड म्हणतात, तो मधल्या भाषेतून खऱ्या मशीनच्या इन्स्ट्रक्शन काढतो. आता दहा भाषा आणि सहा मशीनना साठच्या जागी सोळाच तुकडे पुरतात. नवीन प्रोसेसर आला तर फक्त एक बॅकएंड लिहायचा आणि सगळ्या भाषा एकदम त्याच्यावर चालायला लागतात, निदान कागदावर तरी.

आज जगात या पद्धतीचे दोन मोठे ओपन सोर्स कंपायलर आहेत. एक जीसीसी, जो रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये पहिल्यांदा बाहेर काढला, आणि दुसरा एलएलव्हीएम, जो २००० मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर आणि त्यांचे प्राध्यापक विक्रम आडवे यांनी सुरू केला. हे आडवे सर आयआयटी बॉम्बेचे विद्यार्थी, पवईत शिकलेले, आणि आज आयफोनपासून अँड्रॉइडपर्यंत सगळीकडचा कोड त्या कंपायलरमधून जातो हे मला दरवेळी सांगताना भारी वाटतं.

उदाहरण म्हणून रिस्क-फाइव्ह घेऊ. हे आर्किटेक्चर २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर सुरू झालं, क्रस्टे असानोविच, अँड्र्यू वॉटरमन, युनसप ली आणि डेव्हिड पॅटरसन यांनी केलं, आणि यादी कुणालाही फुकट वापरता येते. त्यामुळे त्याचा कंपायलर कसा उभा राहिला ते सगळं उघड्यावर घडलेलं आहे, कुणीही जाऊन वाचू शकतो.

त्याची मूळ यादी फारच लहान आहे, ३२ बिटच्या बेसमध्ये फक्त ४० इन्स्ट्रक्शन. रजिस्टर ३२, आणि त्यातलं पहिलं, एक्स-शून्य, त्यात कायम शून्यच असतं, काहीही लिहा, वाचलं की शून्यच येणार. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं एक खण फुकट घालवला, पण याच्यामुळे किती इन्स्ट्रक्शन वाचल्यात बघा. एका रजिस्टरमधून दुसऱ्यात आकडा हलवायची वेगळी इन्स्ट्रक्शनच नाही, मूळ आकड्यात शून्य मिळवून दुसरीकडे ठेवायचा. आकड्याचं चिन्ह उलटं करायची इन्स्ट्रक्शन नाही, शून्यातून वजा करायचा. शून्याशी संबंध नसलेली पण तशीच काटकसर म्हणजे 'यापेक्षा मोठा असेल तर उडी मार' हीसुद्धा नाही, 'लहान असेल तर' आहे, तर दोघांच्या जागा बदलायच्या आणि तीच वापरायची. हे सगळं कंपायलरला कुणीतरी सांगायला लागतं. मधल्या भाषेत 'हलव' असं आलं की तू शून्याची बेरीज काढ, 'वजा चिन्ह' आलं की तू शून्यातून वजाबाकी काढ, अशा शेकडो जोड्या एका फाइलमध्ये लिहायच्या असतात आणि त्या फाइलला मशीन डिस्क्रिप्शन म्हणतात. म्हणजे बॅकएंड लिहिणं हे बरंचसं प्रोसेसरचं वर्णन लिहिणं आहे, ही गोष्ट दिसली की हे कर, ती दिसली की ते कर.

हे शिकवायची एक फार चांगली रीत आपल्याकडेच आयआयटी बॉम्बेत झाली. प्राध्यापक उदय खेडकर यांनी तिथे जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं आणि कार्यशाळांमधून जीसीसीचं मशीन डिस्क्रिप्शन पायरीपायरीने वाढवत शिकवलं. आधी एवढंच वर्णन लिहायचं की साधी असाइनमेंट निघेल, मग बेरीज-वजाबाकी, मग फंक्शन कॉल, मग कंडिशन, आणि प्रत्येक पायरीला तुमचा कंपायलर खरोखर काहीतरी कंपाइल करून दाखवतो. जीसीसीची प्रत्यक्षातली वर्णनं हजारो ओळींची असतात, ती एकदम उघडली तर माणूस घाबरून बंद करतो, त्यामुळे या पायऱ्यांची किंमत ज्याने ती फाइल कधी उघडलीय त्यालाच कळेल.

आता मला सगळ्यात आवडणारं उदाहरण. रजिस्टरमध्ये ३००० हा आकडा ठेवायचाय. सी मध्ये ते चार अक्षरांचं काम आहे. पण रिस्क-फाइव्हची प्रत्येक बेसिक इन्स्ट्रक्शन ३२ बिटची असते आणि त्या ३२ बिटमध्येच कुठली क्रिया, कुठली रजिस्टर आणि आकडा हे सगळं बसवायचं असतं, त्यामुळे आकड्याला मिळतात फक्त १२ बिट, म्हणजे उणे २०४८ पासून २०४७ पर्यंत. ३००० त्यात मावत नाही. मग दुसरी एक इन्स्ट्रक्शन आहे जी आकड्याचा वरचा २० बिटचा भाग भरते, म्हणजे ती ४०९६ च्या पटीतच आकडे टाकू शकते. वरचे २० आणि खालचे १२, झाले ३२. वाटतं सोपं आहे, वरचा भाग टाका, खालचा मिळवा. पण ३००० साठी वरचा भाग शून्य येतो आणि खालचा ३०००, जो मावतच नाही, कारण १२ बिटमध्ये ३००० लिहायला गेलं की प्रोसेसर तो आकडा उणे १०९६ असा वाचतो.

यावर उपाय वाण्याच्या दुकानातला आहे. तीस रुपये द्यायचेत, सुटे नाहीत, तर आपण पन्नासची नोट देतो आणि वीस परत घेतो. तसंच आधी ४०९६ टाकायचे आणि मग उणे १०९६ मिळवायचे, ३००० झाले. म्हणजे खालचा भाग २०४७ च्या वर गेला की वरच्या भागात एक जास्तीचा टाकायचा. हा एक जास्तीचा विसरलात तर तुमचा कंपायलर २००० पर्यंत बरोबर चालेल, ५००० ला पण बरोबर चालेल, आणि ३००० ला चुकेल. असे बग म्हणूनच वाईट असतात, कारण सगळीकडे बरोबर चालतंय असं दिसत असतं. आणि प्रोसेसर बनवणाऱ्यांनी हे असं का ठेवलं तर उणे आकडा चालतो म्हणून वेगळी 'ठरलेला आकडा वजा कर' अशी इन्स्ट्रक्शन द्यावीच लागत नाही, बेरजेतच भागतं. हार्डवेअरमधली एक इन्स्ट्रक्शन वाचली आणि ती काळजी कंपायलरवाल्याकडे आली. अशी देवाणघेवाण या आर्किटेक्चरमध्ये पानोपानी आहे.

गुणाकाराचंच बघा ना. मूळ ४० मध्ये गुणाकार नाहीच, तो वेगळ्या एक्सटेन्शनमध्ये आहे, चिप बनवणाऱ्याला परवडलं तर घालेल नाहीतर नाही. म्हणजे कंपायलरला आधी विचारायला लागतं की बाबा या चिपमध्ये गुणाकार आहे का, आणि नसेल तर त्याने स्वतःसोबत आणलेल्या छोट्या लायब्ररीतलं एक फंक्शन बोलवायचं, जे शाळेतल्यासारखं सरकवत सरकवत बेरजा करून गुणाकार काढतं. आकडा आधीच माहीत असेल, समजा दहाने गुणायचंय, तर कंपायलर ते आठपट अधिक दोनपट असं फोडून टाकतो. पोर्ट करणाऱ्याने या लायब्ररीकडे दुर्लक्ष केलं की पहिलाच जरा मोठा प्रोग्राम लिंक होताना, म्हणजे सगळे तुकडे जोडले जाताना अडकतो, अमुक फंक्शन सापडत नाही म्हणून.

रजिस्टर वाटपाचं काम मात्र बॅकएंडवाल्याला फार करायला लागत नाही, ते गणित कंपायलरच्या समाईक भागात आधीच लिहिलेलं असतं, तुम्ही फक्त सांगायचं की खण किती, कुठले वापरायचे नाहीत, आणि खण कमी पडले तर आकडा मेमरीत तात्पुरता कसा ठेवायचा. पण या यादीला लागूनच एक विषय आहे, एबीआय, आणि माझ्या मते सगळ्या पोर्टिंगमध्ये जपून करायची गोष्ट कुठली असेल तर ही.

एबीआय म्हणजे प्रोग्रामच्या वेगवेगळ्या तुकड्यांनी एकमेकांशी कसं वागायचं याचा करार. एक फंक्शन दुसऱ्याला बोलवतं तेव्हा आकडे कुठल्या रजिस्टरमध्ये ठेवायचे, उत्तर कुठे मिळेल, स्टॅक, म्हणजे फंक्शनची कामापुरती मेमरी, किती बाइटच्या पटीत ठेवायचा, हे प्रोसेसर सांगत नाही, हे माणसांनी बसून ठरवायचं असतं. रिस्क-फाइव्हमध्ये पहिले आठ आकडे ए-शून्य ते ए-सात या रजिस्टरमधून जातात, स्टॅक नेहमी १६ बाइटच्या पटीत असतो, आणि बाकीच्या रजिस्टरचे दोन गट आहेत. मंगल कार्यालय भाड्याने घेतलं की कार्यालयाची पातेली वापरता येतात पण जाताना घासून जशीच्या तशी परत ठेवायची, आणि पत्रावळ्या मात्र वापरून टाकून द्यायच्या, त्यांचं कुणी विचारत नाही. तसे एस गटातले बारा रजिस्टर पातेल्यांसारखे, फंक्शनने वापरले तर जाताना आधीचा आकडा परत ठेवायचा. टी गटातले सात पत्रावळ्यांसारखे, आणि आकडे नेणारे ए गटातले आठसुद्धा तसेच, पलीकडून परत येताना त्यात काय असेल त्याची खात्री धरायची नाही.

मी एकदा एका छोट्या कस्टम प्रोसेसरच्या पोर्टवर होतो, नाव सांगत नाही. ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपायलरने कोड सुधारायचं काम, बंद असताना प्रोग्राम बरोबर चालायचा, चालू केलं की कधीतरी एखादा आकडा चुकायचा, आणि मध्ये प्रिंट टाकून बघायला गेलं की पुन्हा बरोबर. आठवडाभर आम्ही ऑप्टिमायझेशनचा कोड वाचत बसलो. शेवटी निघालं काय तर परत ठेवायच्या रजिस्टरच्या यादीत एक नाव राहिलं होतं. ऑप्टिमायझेशन बंद असताना कंपायलर एवढे रजिस्टर वापरतच नव्हता, म्हणून ते पातेलं कधी कुणी उचललंच नव्हतं. तेव्हापासून मी कुठलंही पोर्ट बघताना आधी ती यादी कागदावर काढून एकेक नाव टिक करतो.

करारात बारीक कलमं पण असतात. ६४ बिटच्या रिस्क-फाइव्हवर ३२ बिटचा आकडा ठेवला तर वरच्या अर्ध्या जागेत काय असावं? तिथे चिन्हाचा बिट पुढे पसरवायचा असं ठरलंय, आणि गंमत म्हणजे आकडा बिनचिन्हाचा असला तरी. अपूर्णांकांसाठी वेगळे रजिस्टर असलेल्या चिपचा एक करार आणि नसलेल्यांचा दुसरा, आणि या दोन करारांनी बांधलेले तुकडे एकत्र जोडता येत नाहीत, लिंकर सरळ नकार देतो. तो नकार देतो तेच बरं, जोडून दिले असते तर एकाने आकडा एका खणात ठेवला असता आणि दुसऱ्याने दुसऱ्याच खणात शोधला असता. आणि करार एकदा जाहीर झाला की बदलणं जवळपास अशक्य, कारण त्यावर हजारो लायब्ऱ्या उभ्या राहतात.

लिंकरचा विषय निघालाच तर तेही सांगतो. कंपायलर एकेक फाइल वेगळी कंपाइल करतो, त्यामुळे दुसऱ्या फाइलमधलं फंक्शन शेवटी किती लांब जाऊन बसणार हे त्याला माहीत नसतं. रिस्क-फाइव्हची साधी कॉलची उडी दोन्ही बाजूंना साधारण १ मेगाबाइटपर्यंत जाते. लांबची उडी हवी तर दोन इन्स्ट्रक्शन लागतात, मग २ गिगाबाइटपर्यंत जाता येतं. कंपायलर सुरक्षित म्हणून दोन लिहून ठेवतो, आणि सगळं जोडताना लिंकर बघतो की अरे हे तर शेजारीच आहे, आणि त्यातली एक काढून टाकतो. छान वाटतं ना, पण एक काढली की पुढचा सगळा कोड चार बाइटने अलीकडे सरकतो, सगळी अंतरं बदलतात, डीबगरला, म्हणजे चुका शोधायच्या साधनाला दिलेले पत्ते चुकतात, त्यामुळे अंतरावर अवलंबून असलेली प्रत्येक गोष्ट कंपायलरने 'हे नंतर ठरवा' म्हणून चिठ्ठी लावून पाठवायला लागते. कोड लहान होतो हा फायदा खरा आहे, पण या एका सोयीपायी असेंब्लर आणि लिंकर लिहिणाऱ्यांनी भरपूर काम केलंय.

एवढं झालं की साधे प्रोग्राम निघायला लागतात. पण चालवायचे कशावर? पोर्ट सुरू होतो तेव्हा बऱ्याचदा चिप अस्तित्वातच नसते, ती अजून डिझाइनमध्ये असते. म्हणून सिम्युलेटर लागतो, म्हणजे आपल्या लॅपटॉपवर चालणारा एक प्रोग्राम जो त्या प्रोसेसरचं सोंग घेतो. रिस्क-फाइव्हसाठी बर्कलीचा स्पाइक होता, नंतर क्यूइम्यू आला. यात एक खबरदारी घ्यावी लागते, सिम्युलेटर आणि कंपायलर एकाच माणसाने लिहिले आणि त्याने नियमावलीतला एखादा मुद्दा चुकीचा समजून घेतला, तर दोन्हीत तीच चूक असते आणि सगळ्या टेस्ट पास होतात. म्हणून दोन वेगळ्या लोकांनी लिहिलेलं बरं.

टेस्टचं म्हणाल तर जीसीसीसोबत एक मोठा संच येतो ज्याला टॉर्चर टेस्ट म्हणतात, वर्षानुवर्षं सापडलेल्या बगचे छोटे छोटे प्रोग्राम. त्याशिवाय दुसरी रीत म्हणजे कॉम्प्युटरलाच यादृच्छिक सी प्रोग्राम लिहायला लावायचे, तोच प्रोग्राम वेगवेगळ्या कंपायलरने कंपाइल करायचा आणि उत्तरं जुळतात का बघायची. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या लोकांनी सीस्मिथ नावाचं असं साधन केलं आणि २०११ च्या त्यांच्या पेपरमध्ये सांगितलं की त्यातून कंपायलरमधले ३२५ पेक्षा जास्त आधी माहीत नसलेले बग सापडले. हे रोज वापरात असलेले, नावाजलेले कंपायलर होते. नव्या कोऱ्या पोर्टमध्ये काय असेल याची कल्पना करा.

आणि कंपायलर पूर्ण बरोबर असला तरी जुने प्रोग्राम नव्या मशीनवर मोडू शकतात. सी मध्ये कॅरेक्टर नावाचा एक बाइटचा प्रकार आहे, तो उणे आकडे ठेवू शकतो की नाही हे भाषेने ठरवलेलंच नाही, मशीनच्या करारावर सोडलंय. एक्स८६ वर तो उणे ठेवतो, रिस्क-फाइव्हवर ठेवत नाही. आता कुणी वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलं असेल की फाइलमधून एकेक कॅरेक्टर वाच आणि उणे एक आला की थांब, आणि उत्तर चुकून त्याच प्रकारात साठवलं असेल, तर एक्स८६ वर ते आजवर चालत आलं आणि रिस्क-फाइव्हवर ते कधी थांबणारच नाही, कारण उणे एकचं २५५ होऊन बसतं. पहिली शंका कंपायलरवर येते, चूक असते प्रोग्राममध्ये. मेमरीत लिहायच्या क्रमाचंही असंच आहे, एक्स८६ बऱ्यापैकी शिस्तीने लिहितं, आर्म आणि रिस्क-फाइव्हला क्रम बदलायची जास्त मोकळीक आहे, त्यामुळे अनेक थ्रेडवाल्या, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालवणाऱ्या प्रोग्राममधल्या झाकलेल्या चुका तिथे उघड्या पडतात.

मग येतो तो दिवस ज्याची पोर्टवाले वाट बघत असतात. आत्तापर्यंत कंपायलर लॅपटॉपवर चालत होता आणि कोड नव्या चिपसाठी काढत होता, याला क्रॉस कंपायलर म्हणतात. आता त्याच क्रॉस कंपायलरने खुद्द कंपायलरचाच सोर्स कंपाइल करायचा, म्हणजे नव्या मशीनवर चालणारा कंपायलर तयार झाला. तो नव्या मशीनवर न्यायचा आणि तिथे त्याला सांगायचं की आता तू स्वतःला कंपाइल कर. जीसीसीमध्ये हे तीन टप्प्यांत होतं. आधीपासून असलेल्या कंपायलरने बनवलेला पहिला, पहिल्याने बनवलेला दुसरा, दुसऱ्याने बनवलेला तिसरा. पहिला आणि दुसरा वेगळे दिसू शकतात कारण ते बनवणारे वेगळे होते, पण दुसरा आणि तिसरा एकाच सोर्समधून आणि एकाच अकलेने बनलेले असतात, म्हणून ते बाइट न् बाइट सारखे यायला हवेत. एक बाइट जरी वेगळा आला तरी बहुधा कुठेतरी कंपायलर चुकीचा कोड काढतोय. लाखो ओळींचा स्वतःचाच सोर्स हीच त्याची परीक्षा. पहिल्यांदा दोन्ही जुळतात तेव्हा स्क्रीनवर फार काही दिसत नाही, बिल्ड फक्त पुढे चालू राहतो, पण खोलीतले सगळे उठून उभे राहतात.

या सगळ्याला किती वेळ लागतो? रिस्क-फाइव्हच्या तारखा बघा. सुरुवात २०१०. जीसीसीच्या मुख्य आवृत्तीत पोर्ट आला २०१७ मध्ये, जीसीसी ७ मधून. लिनक्स कर्नलमध्ये जानेवारी २०१८, त्याला लागणारी सी ची मुख्य लायब्ररी फेब्रुवारी २०१८. एलएलव्हीएमसाठी केंब्रिजच्या लोरिस्क संस्थेचे ॲलेक्स ब्रॅडबरी यांनी २०१६ मध्ये काम हातात घेतलं, छोटे छोटे पॅच, प्रत्येकासोबत टेस्ट, आणि 'प्रायोगिक' हा शिक्का निघाला सप्टेंबर २०१९ मध्ये, एलएलव्हीएम ९ ला. आणि डेबियन या लिनक्स वितरणाने ६४ बिटच्या रिस्क-फाइव्हला अधिकृत म्हणून घेतलं ते थेट ऑगस्ट २०२५ मध्ये, डेबियन १३ मधून. पंधरा वर्षं. पहिला बेरजेचा प्रोग्राम निघायला काही आठवडे पुरतात, बाकीचा काळ लोकांना त्याच्यावर विसंबून राहता येईल इथपर्यंत यायला जातो.

आता पुन्हा विक्रम आणि कल्पनाकडे येऊ. विक्रमची इन्स्ट्रक्शनची यादी इस्रोची स्वतःची आहे, आधीचा १६ बिटचा विक्रम १६०१ २००९ पासून रॉकेटमध्ये उडतोय आणि हा त्याचाच पुढचा भाऊ, त्यामुळे त्यांना सगळं आतून माहीत आहे आणि कुणावर अवलंबून राहायचं नाही. रॉकेटच्या कामात हे मला पटतं. पण त्याची किंमत म्हणजे कंपायलरही कायम आपणच सांभाळायचा, नवीन भाषा हवी तर आपणच आणायची, बग आपणच शोधायचे, जगातलं दुसरं कुणी त्यात हात घालणार नाही. आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रोसेसरने आणि सीडॅकच्या वेगा या प्रोसेसरने दुसरा रस्ता घेतला, रिस्क-फाइव्ह उचललं, म्हणजे जगभरचे लोक त्याच्या कंपायलरवर करत असलेलं काम त्यांनाही मिळत गेलं. तरी प्रत्येक चिपच्या स्वतःच्या खोड्या असतात, कुठली इन्स्ट्रक्शन किती क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचे किती ठोके, घेते हे कंपायलरला सांगितलं नाही तर कोड चालतो पण हळू चालतो, ते काम कुणीतरी बसून करायला लागतंच. आपल्याकडे चिप डिझाइन शिकायला आता रांगा लागतात आणि त्या लागायलाच हव्यात, पण बॅकएंड लिहिणारी मुलं मला अजून फार थोडी भेटतात, आणि पुण्यात एवढी कॉलेजं असताना हे का असावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

करून बघायला नवीन चिप लागत नाही. उबुंटू किंवा डेबियन असेल तर रिस्क-फाइव्हचा जीसीसी क्रॉस कंपायलर तयार पॅकेज म्हणून मिळतो, तो टाका. एक फंक्शन लिहा जे फक्त २००० परत देतं, ऑप्टिमायझेशन चालू ठेवा आणि कंपायलरला असेंब्लीपर्यंत येऊन थांबायला सांगा. आकडा भरायची एकच ओळ दिसेल आणि खाली परत जायची. मग २००० चे ३००० करा आणि पुन्हा चालवा. आता दोन ओळी येतील, पहिलीत ४०९६ आणि दुसरीत उणे १०९६.